आईचं दूध लेकीत किती उतरतं?

‘खाण तशी माती’ या भरवशावर मुरुम-उमरग्याकडे पिढ्यान्‌पिढ्या कालवडी घेतल्या गेल्या. देवणी असो की नंतर आलेली जर्सी, घेणारा आधी आईची कास बघणार, मग विचारणार, ‘एका टायमाला किती?’ प्रश्न बरोबरच होता. उत्तरावर किती विसंबायचं, हे मात्र गोठ्यापर्यंत कधी नीट पोचलं नाही.

तसा हा हिशेब जुना. अमेरिकेतल्या आयोवाचे जे लश यांचं पशुपैदाशीवरचं पुस्तक १९३७ सालचं. कळपातल्या गायीगायींत दुधाचा जो फरक दिसतो, त्यातला रक्तातून आलेला किती आणि चारा, वेत, हवापाणी, निगा यांचा किती, हे वेगळं काढायची रीत त्यांनी रुजवली. त्यासाठी मायलेकींचं दूध ताडून बघतात, नाहीतर एकाच वळूच्या वेगवेगळ्या गायींपासून झालेल्या लेकी. फरकातला रक्ताचा हा वाटा म्हणजे आनुवंशिकता. एका वेतातल्या दुधासाठी तिचा आकडा बहुधा ०.२५ च्या आसपास येतो.

आता हा आकडा गोठ्यात आणू. कळपाची सरासरी दिवसाला १० लिटर आणि एक गाय देते १६. वरच्या ६ लिटरांपैकी रक्ताचे धरायचे दीड. आई लेकीला निम्मं देते, म्हणजे पाऊण लिटर. वळू साधारण असेल तर कालवडीकडून अपेक्षा पावणेअकरा लिटरची. बाजारात मात्र तिची किंमत सोळाच्या हिशेबाने सांगतात!

मधल्या काळात या हिशेबाची फारशी गरजही भासली नाही. मणिभाई देसाईंनी १९६७ मध्ये उरुळी कांचनला ‘बायफ’ या संस्थेची सुरुवात केली, राहुरीच्या कृषी विद्यापीठात गीर, होल्स्टिन आणि जर्सीच्या संकरातून ‘फुले त्रिवेणी’ घडली. गावोगाव कृत्रिम रेतन पोचलं. देवणीचं वेतभराचं दूध हजार लिटरच्या आतबाहेर. संकरित गाय सहज त्याच्या पुढे गेली. पण ही उडी जातीजातींतल्या फरकाची होती, निवडीची नव्हे. एकाच पिढीत काम झालं आणि नोंदवही कुणालाच लागली नाही. निवडीची वेळ पुढच्या पिढ्यांत आली, तेव्हा कालवडीचा बाप कोण हेच माहीत नव्हतं. हेड्याच्या हातून गाय दुसऱ्या गावी गेली की उरलासुरला इतिहासही गेला.

त्यात आपला दुष्काळ. २०१३ सारख्या वर्षी जनावरं छावणीत, कुणाला ऊस, कुणाला कडबा. गायीगायींतला फरक रक्ताऐवजी वैरणीने ठरायला लागला की आनुवंशिकतेचा आकडा खाली येतो. तो काही गायीच्या कपाळावर कोरलेला नसतो. कळप बदलला, साल बदललं की बदलतो.

एक गोष्ट मला राहून राहून खटकते. फॅटच्या टक्केवारीची आनुवंशिकता दुधाच्या मापापेक्षा बरीच जास्त, ०.४ ते ०.५ पर्यंत भरते. मुरुम-उमरग्याचा आपला जिल्हा भूम-कुंथलगिरीकडच्या खव्याचा. भट्टीवाला दुधाची दाटी बघतो, डेअरी ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफवर (फॅट वगळून उरणारे घन पदार्थ) दर लावते. तरी निवड करताना आपण पन्नास वर्षं लिटरच मोजले. आणि लिटर वाढवत गेलं की टक्का बहुधा उतरतो, कारण दोहोंचं रक्तातलं नातं उलटं आहे.

अमेरिकेत २००९ पासून जनुकांवरून वळूंचं अधिकृत मूल्यमापन होतं. आपल्याकडे ऑक्टोबर २०२४ मध्ये वाशीमला गायींची जनुकं तपासणाऱ्या ‘गौ चिप’चं उद्घाटन झालं. चिप चांगली, पण तिला शिकवायला हजारो गायींच्या खऱ्या दूधनोंदी लागतात. नुसत्या मायलेकींवर विसंबण्यापेक्षा वळूच्या लेकी मोजणं केव्हाही भारी: ०.२५ आनुवंशिकता धरली तर १५ लेकींच्या नोंदींवर वळूच्या अंदाजाची विश्वासार्हता ५० टक्के होते, ५० लेकींवर ७७.

तेव्हा रेतन करून घेताना कांडीवरचा वळूचा नंबर लिहून ठेवा, कालवडीच्या कानातल्या बिल्ल्याच्या बारा आकड्यांशेजारी आईचा नंबर टाका, महिन्यातून एकदा दूध मोजा, फॅट तपासा. गाय विकली तर वहीतलं ते पान घेणाऱ्याला द्या.