निंबोळी मारली की करपा जातो?

ढग दाटले, टोमॅटोच्या पानावर काळपट डाग दिसला, की संगमनेर-अकोल्याकडे बांधावर सल्ला ठरलेला: ‘निंबोळी अर्क मार, करपा जाईल.’ सल्ला देणाऱ्याचे काही जात नाही, जातो तो प्लॉट.

गोंधळाचे मूळ म्हणजे आपण अर्क आणि तेल एकाच मापाने मोजतो. पाण्यात काढलेल्या अर्काचे बळ मुख्यतः ॲझाडिरॅक्टिनमध्ये असते. ते किडीला पान खाऊ देत नाही, कात टाकण्यात खोडा घालते. मावा, पांढरी माशी, अळ्या यांच्यासाठी हा अर्क उत्तम. बुरशीवर जास्त काम करते ते निंबोळीचे तेल. पानावर त्याचा पातळ थर बसला की बीजाणू नीट रुजत नाहीत. भुरी पानाच्या पृष्ठभागावरच वाढते, म्हणून काकडी, भोपळा, वाटाण्यावरची भुरी सुरुवातीलाच धरली तर तेल तिला आवर घालते. करपा मात्र पानाच्या आत शिरलेला असतो. त्यातही टोमॅटोवरचा उशिराचा करपा गार, दमट हवेत काही दिवसांत प्लॉट झोपवतो. तिथे निंबोळीच्या भरवशावर राहू नये.

मग बुरशीवरचा उपयोग ही ऐकीव गोष्ट का? मुळीच नाही. कडुनिंबाच्या तेलाने पिकावरची बुरशी रोखण्याच्या पद्धतीवर अमेरिकेचे कृषी खाते आणि डब्ल्यू. आर. ग्रेस कंपनी यांना 1994 मध्ये युरोपीय पेटंट मिळाले होते. ते 2000 मध्ये रद्द झाले, 2005 मध्ये अपीलही फेटाळले गेले. ही पद्धत नवी नाही, हे दाखवणारा कळीचा पुरावा आपल्याच मातीतला होता: 1985 आणि 1986 मध्ये पुणे व सांगली जिल्ह्यांत घेतलेल्या शेतावरच्या चाचण्या.

दुसरा गैरसमज, डाग म्हणजे बुरशीच. 2020 च्या उन्हाळ्यात याच पट्ट्यात टोमॅटोवर हिरवे-पिवळे-लाल चट्टे आले, लोकांनी त्याला ‘तिरंगा’ म्हटले. तपासणीत विषाणू निघाले. विषाणूवर कोणतेच बुरशीनाशक चालत नाही, रासायनिकही नाही. अर्काने रोग पसरवणारी कीड कमी होते, एवढाच आधार.

अर्क करण्यातही घोळ असतो. हिरव्या निंबोळ्या ओरबाडून उकळायच्या, वर डबा भरून महिनाभर ठेवायचा! उष्णतेने ॲझाडिरॅक्टिन बिघडते, उन्हातही टिकत नाही. पिकून पडलेल्या निंबोळ्यांच्या बिया सावलीत वाळवाव्यात. पाच टक्के अर्कासाठी 5 किलो भरड रात्रभर पाण्यात भिजवावी, सकाळी फडक्यातून गाळावी, 200 ग्रॅम साबणाचे पाणी मिसळून एकूण 100 लिटर करावे. फवारणी त्याच दिवशी, संध्याकाळी उन्हे उतरल्यावर.

आणि नैसर्गिक म्हणून वाटेल तितके दाट मारायचे नाही. तेल जास्त झाले किंवा भर उन्हात मारले तर पाने करपतात. गंधकाच्या फवारणीला लागून तेल मारले तरी तेच. शेततळ्यात मासे असतील तर पंप तिथे धुऊ नका, तेल माशांना बाधते.

डाग ओळखू येत नसेल तर पंप भरण्याआधी ते रोगट पान बाभळेश्वर किंवा दहिगाव-ने इथल्या कृषी विज्ञान केंद्रात, नाहीतर राहुरीच्या कृषी विद्यापीठात दाखवून या.