साक्षीदार न पाहता

खालच्या कोर्टात हरलेला पक्षकार वकिलाला विचारतो, "वर जायचं ना?" वर गेले की सगळे पहिल्यापासून होणार, साक्षीदार पुन्हा बोलावणार, आपले म्हणणे या वेळी तरी कोणी शांतपणे ऐकून घेणार, अशी त्याची समजूत असते. प्रत्यक्षात अपिलाच्या सुनावणीला पक्षकार बहुधा मागच्या बाकावर बसलेला असतो आणि त्याला कोणी काही विचारत नाही. साक्षीदाराचा घाम, त्याचे अडखळणे, उलटतपासात त्याने वकिलाकडे टाकलेली नजर हे सगळे खालच्या न्यायाधीशाने पाहिलेले असते. वरच्या न्यायाधीशापुढे त्याचे फक्त कागद येतात.

मुंबई उच्च न्यायालयाची अपिलेट साइड या कागदांवर चालते. १८६२ साली सुरू झालेल्या या न्यायालयाचे दोन भाग आहेत. ओरिजिनल साइडला मुंबई शहरातले मोठ्या रकमेचे दावे थेट दाखल होतात. अपिलेट साइडकडे खालच्या कोर्टांच्या निकालांवरची अपिले येतात. फोर्टमधल्या १८७८ च्या दगडी इमारतीखेरीज नागपूर, छत्रपती संभाजीनगर आणि गोवा येथे खंडपीठे आहेत. कित्येक वर्षांच्या आंदोलनानंतर १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला सर्किट बेंचही बसू लागले आहे. सावंतवाडीच्या माणसाला एका तारखेसाठी रात्रभर प्रवास करून मुंबई गाठावी लागे, ती यातायात आता टळली.

अपील दाखल झाले, ऑफिस ऑब्जेक्शन्स काढून झाली, की खालून 'आर अँड पी' मागवतात. हे म्हणजे मूळ रेकॉर्डचे गठ्ठे: वादपत्र, कैफियत, सरतपास, उलटतपास, निशाणी क्रमांक घातलेले दस्तऐवज, तारीखवार रोजनामा आणि निकाल. त्यातून पेपरबुक तयार होते. पुढची सगळी लढाई पेपरबुकाच्या पानांवर. मुरलेला वकील तासभर भाषण करत नाही. "पान १४३, निशाणी ३८, शेवटून चौथी ओळ" एवढेच म्हणतो आणि न्यायमूर्ती ती ओळ वाचेपर्यंत गप्प राहतो.

कागद तेच असले, तरी ते किती खोलवर वाचायचे हे प्रकरणाच्या जातीवर ठरते.

दिवाणीत पहिले अपील प्रशस्त असते. तिथे वस्तुस्थिती आणि कायदा दोन्ही खुले. अपील कोर्टाने स्वतः मुद्दे काढायचे, पुरावा तोलायचा आणि कारणे द्यायची. "खालच्या कोर्टाशी आम्ही सहमत आहोत" एवढ्यावर भागवलेले निकाल सर्वोच्च न्यायालयाने वेळोवेळी परत पाठवले आहेत. नवा पुरावा मात्र सहजी घेत नाहीत. दावा हरल्यावर आजोबांच्या ट्रंकेत नेमका हवा तो कागद सापडणे हा आपल्याकडचा जुना चमत्कार आहे. तेव्हा तो आधी का सापडला नाही, याचे पटणारे उत्तर द्यावे लागते.

दुसऱ्या अपिलात हे अंगण एकदम आक्रसते. १९७६ च्या दुरुस्तीनंतर दिवाणी प्रक्रिया संहितेचे कलम १०० सांगते, की कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न असेल तरच दुसरे अपील चालेल आणि तो प्रश्न कोर्टाने आधी शब्दांत मांडायचा. 'महत्त्वाचा' कशाला म्हणायचे, याची कसोटी १९६२ सालच्या चुनीलाल मेहता विरुद्ध सेंच्युरी स्पिनिंग या मुंबईतूनच गेलेल्या प्रकरणात मिळते. प्रश्न सार्वजनिक महत्त्वाचा हवा, किंवा पक्षकारांच्या हक्कांवर थेट परिणाम करणारा आणि अजून निर्विवाद न सुटलेला हवा.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. दुष्काळात एका शेतकऱ्याने सावकाराला तीन एकर मुदतखरेदीने लिहून दिली. पाच वर्षांत पैसे फेडले तर जमीन परत, नाहीतर कायमची सावकाराची. शेतकऱ्याचे मुलगे म्हणतात, हे गहाण होते, आम्ही आजही पैसे भरून जमीन सोडवू शकतो. सावकाराचे वारस म्हणतात, ही खरेदी होती, मुदत संपली, विषय संपला. पैसे किती दिले, किंमत बाजारभावापेक्षा कमी होती का, वहिवाट कोणाची होती, या साऱ्या वस्तुस्थितीच्या गोष्टी. दोन कोर्टांनी ठरवल्या की बहुतेक संपल्या. पण त्या दस्ताचा कायद्याने अर्थ काय, हा प्रश्न दुसऱ्या अपिलात उभा राहू शकतो. मालमत्ता हस्तांतरण कायद्यातल्या १९२९ च्या दुरुस्तीप्रमाणे परतखरेदीची अट त्याच दस्तात लिहिलेली नसेल, तर तो व्यवहार गहाण ठरत नाही. अट वेगळ्या कागदावर लिहिली असेल, तर मुलग्यांनी पोटतिडकीने सांगितलेली दुष्काळाची कहाणी तिथे कामाला येत नाही.

आणखी एक फट आहे. खालचा निष्कर्ष पुराव्याशिवाय किंवा महत्त्वाचा पुरावा डावलून काढलेला असेल, तर तो 'पर्व्हर्स' ठरतो आणि मग तोही कायद्याचा प्रश्न होतो. त्यामुळे दुसऱ्या अपिलाच्या मेमोत हा शब्द नाही असे सहसा होत नाही.

दिवाणीतले अर्धे राजकारण मात्र स्थगितीचे असते. नुसते अपील केल्याने खालचा हुकूमनामा थांबत नाही, स्थगिती वेगळी मागावी लागते. ती मिळाली आणि अपील ॲडमिट झाले, की वर्षानुवर्षे ते बोर्डावर फिरकत नाही. मला विचाराल तर कलम १०० चा संयम योग्य आहे. अन्याय होतो तो या रांगेत.

फौजदारीचे वागणे वेगळे. वकील हजर नाही म्हणून दिवाणी अपील काढून टाकता येते. फौजदारी अपील दाखल करून घेतल्यावर तसे करता येत नाही. रेकॉर्ड वाचून गुणदोषांवरच निकाल द्यावा लागतो, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली स्पष्ट केले. कैदी आपले अपील तुरुंग अधिकाऱ्याच्या हाती देऊ शकतो. फाशीची शिक्षा तर आरोपीने अपील केले नाही तरी उच्च न्यायालयाने कायम केल्याशिवाय अमलात येत नाही. २००६ च्या मुंबई लोकल बॉम्बस्फोटांच्या खटल्यात विशेष न्यायालयाने २०१५ साली पाच जणांना फाशी आणि सात जणांना जन्मठेप दिली. जुलै २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने त्या सगळ्यांची दोषसिद्धी रद्द केली. तोवर फाशीचा एक कैदी कैदेतच मरण पावला होता. तीनच दिवसांत सर्वोच्च न्यायालयाने हा निकाल पूर्वदाखला म्हणून वापरू नये असे सांगितले.

सुटकेविरुद्धच्या अपिलात वरचे कोर्ट हात आखडता घेते. आरोपी मुळात निर्दोष मानलेला असतो, त्यावर सुटकेने शिक्कामोर्तब झालेले असते. दोन अर्थ शक्य असतील तर त्याच्या बाजूचा टिकतो. पण अर्थ 'शक्य' आहे हे ठरवणार कोण? २६ मार्च १९७२ च्या रात्री तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंज पोलीस ठाण्यात दोन पोलिसांनी एका आदिवासी मुलीवर अत्याचार केल्याचा आरोप होता. सत्र न्यायालयाने १९७४ मध्ये संमती गृहीत धरून दोघांना सोडले. नागपूर खंडपीठाने १९७६ मध्ये त्याच रेकॉर्डवर सुटका उलटवली. पोलीस ठाण्यात दोन शिपायांच्या ताब्यात असलेली मुलगी भीतीने गप्प राहिली, ती संमती नव्हे, असे त्या न्यायाधीशांनी वाचले. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा तीच पाने पाहिली, अंगावर जखमा नाहीत, आरडाओरडा नाही असे म्हटले आणि दोघांना सोडले. तिन्ही ठिकाणी वैद्यकीय अहवाल एकच होता. पुढच्या वर्षी उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले, देशभर आंदोलन झाले आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. ताब्यातल्या स्त्रीने संमती नव्हती असे कोर्टात सांगितले, तर ती नव्हतीच असे गृहीत धरण्याची तरतूद आली. नागपूरचे वाचन सहा-सात वर्षे आधी तिथवर पोचले होते.

कराच्या अपिलात इतके नाट्य नसते. आकारणी अधिकारी, आयुक्त (अपील), मग १९४१ साली स्थापन झालेले आयकर अपील न्यायाधिकरण. हिशेबाच्या वस्तुस्थितीवर शेवटचा शब्द न्यायाधिकरणाचा. १९९८ पूर्वी न्यायाधिकरण कायद्याचा प्रश्न लिहून उच्च न्यायालयाकडे पाठवी आणि उच्च न्यायालय फक्त उत्तर देई. त्या वर्षीच्या १ ऑक्टोबरपासून थेट अपील आले, पण तेही कायद्याच्या महत्त्वाच्या प्रश्नावर आणि दोन न्यायमूर्तींपुढे. न्यायाधिकरणात जोरात बाजू मांडणारे सीए इथे वकिलाच्या मागे बसून चिठ्ठ्या पुढे सरकवतात. सप्टेंबर २०२४ पासून, काही अपवाद सोडले तर, वादातला कर दोन कोटींहून अधिक असल्याशिवाय आयकर खाते उच्च न्यायालयात येत नाही.

एवढे करून करदाता जिंकला, तरी चेक उच्च न्यायालय लिहीत नाही. निकालाची प्रत घेऊन तो पुन्हा आकारणी अधिकाऱ्याकडे जातो. अधिकारी निकालाप्रमाणे नवी आकडेमोड करतो, त्याला 'इफेक्ट देणे' म्हणतात, आणि त्यासाठी स्मरणपत्रे लिहावी लागतात. दिवाणीतल्या विजेत्यालाही तालुक्याच्या कोर्टात दरखास्त घालावी लागते. त्याला त्यासाठी अपिलाच्या हुकूमनाम्यापासून बारा वर्षे मिळतात.