बुश फिरत नाही, पिळला जातो

जुनी मारुती ८०० स्पीडब्रेकरवरून उतरली आणि पुढून ‘खट्’ असा आवाज आला, की आत बसलेले सगळे एकमुखाने सांगतात : शॉकअप गेला. गेलाही असेल. पण आधी सस्पेन्शनच्या सांध्यातला रबरी बुश बघावा; तो स्वस्त आहे आणि तपासायला सोपा. चाकाचा लोअर आर्म बॉडीला जोडलेला असतो तिथे टॉमी घालून हलवा. रबर थोडं हलणारच. मधली नळी रबरापासून सुटलेली दिसली किंवा लोखंड लोखंडावर आपटलं, तर बुश गेला. रबरावरच्या नुसत्या बारीक भेगा पाहून मात्र घाबरायचं कारण नाही.

‘कुरकुरतोय ना, मग तेल सोडा’ हा सगळ्यांचा लाडका सल्ला, आणि सर्वांत वाईट. बुशला बाहेर लोखंडी कवच, आत लोखंडी नळी आणि मध्ये दोन्हींना पक्कं चिकटलेलं रबर असतं. बोल्ट आवळला की आतली नळी जागच्या जागी घट्ट धरली जाते. आर्म वरखाली होतो तेव्हा काहीही घासत नाही. रबर पिळलं जातं आणि पूर्ववत होतं. तेल जिथे लागावं अशी जागाच तिथे नाही. उलट ऑइल, साधं ग्रीस यांनी रबर फुगतं, मऊ पडतं. बसवताना घसरण हवी असेल तर साबणाचं पाणी पुरतं. पॉलियुरेथेनच्या बुशात नळी खरोखर फिरते, त्यामुळे त्याला त्याचं खास ग्रीस लागतं. तो टिकतो, पण रस्त्याचा प्रत्येक दणका आत पोचवतो. घरच्या गाडीला मी रबरीच घेईन.

घरी काम करणारे फसतात ते नट आवळताना. गाडी स्टँडवर, चाक लोंबकळतंय, आणि तशातच पाना जोर लावून फिरवला जातो. मग गाडी खाली आली की रबर उभ्या गाडीतही पिळलेलंच राहतं आणि लवकर फाटतं. शिव्या मात्र नव्या पार्टला. नट आधी हलकेच बसवावा, गाडी रॅम्पवर घेऊन तिचा भार चाकांवर येऊ द्यावा, दोनदा दाबून सोडावी, मग मॅन्युअलमधल्या टॉर्कने आवळावा.

‘स्टॅबिलायझर बारचा बुश गेला तर फक्त आवाज येतो’ हे बऱ्याच गाड्यांत खरं आहे. ८०० मध्ये नाही. तिच्या लोअर आर्मला पुढेमागे सरकू न देण्याचं काम हाच बार करतो. त्याच्या टोकाचा बुश झिजला की ब्रेक मारताच चाक मागे सरकतं.

आर्ममधला बुश हातोड्याने ठोकून बसवू नका, कवच वाकडं होतं. आर्म काढून प्रेस असलेल्या लेथवाल्याकडे न्यावा. रबरात पोकळ्या असतील तर जुना बुश काढण्याआधी दिशेची खूण करून ठेवावी. ८०० ची स्प्रिंग स्ट्रटमध्येच अडकलेली असते, त्यामुळे आर्म काढताना ती उसळत नाही. ज्या गाड्यांत स्प्रिंग थेट खालच्या आर्मवर दाबलेली असते, तिथे हे काम घरी करूच नये. आणि नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली कोणीही शिरू नये.

‘बुशच तर बदलले, अलाइनमेंट कशाला?’ कारण आधीची अलाइनमेंट झिजलेल्या बुशांवर जमवलेली होती. नवे बसले की चाकाचा कोन बदलतो आणि टायर एका कडेने खाल्ले जातात.