विष तेच, दरवाजा वेगळा

‘विंचवाचं विष सगळ्या प्राण्यांना सारखंच चढतं का?’ असं कोयनानगरच्या एका वाचकांनी विचारलंय. नाही चढत. माणसालाही सगळ्या विंचवांचं सारखं चढत नाही. काळी इंगळी दिसायला भयंकर, पण जिवावर बेततो तो लहानसा तांबडा विंचू.

मज्जापेशीच्या आवरणात सोडियम आत घेणारी दारं असतात. कोयनेकरांनी धरणाचे सहा वक्री दरवाजे डोळ्यांसमोर आणावेत. पेशीचा दरवाजा उचलला जातो, सोडियम आत घुसतो आणि सेकंदाच्या हजाराव्या भागात दरवाजा पुन्हा बंद. तांबड्या विंचवाचं विष नेमकं हे बंद होणंच अडवतं. मग विसर्ग थांबत नाही. मज्जातंतू संदेश पाठवतच राहतात, अ‍ॅड्रेनलिन उसळतं, रक्तदाब चढतो, फुप्फुसांत पाणी भरतं.

हा दरवाजा म्हणजे सुमारे दोन हजार अमिनो आम्लांचं घडी घातलेलं प्रथिन. कीटकांत त्याची घडण निराळी, म्हणून विंचू कीटकांसाठी वेगळी विषं बाळगतो आणि सस्तन प्राण्यांसाठी वेगळी. (एवढ्याशा नांगीत केवढा हा साठा!) अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटातला टोळखाऊ उंदीर तर तिथले जहाल विंचू आवडीनं खातो. त्याचं कोडं अ‍ॅश्ली रो आणि सहकाऱ्यांनी 2013मध्ये उलगडलं. वेदना पुढे नेणाऱ्या दरवाजात त्याच्याकडे एका जागी ग्लुटामिक आम्ल आहे. तिथे विष चिकटतं आणि दरवाजा उघडूच देत नाही. वेदना वाटेतच थांबते!

लगेच ‘नवं वेदनाशामक येणार’ अशा बातम्या झळकल्या. पण तो उंदीर तिथला, विंचूही तिथला. शिवाय माणसाचे दरवाजे काही बदलता येत नाहीत.

महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी दरवाजाचा नाद सोडून पुढच्या पुराला बांध घातला. रक्तदाबावरची प्राझोसिन ही स्वस्त गोळी त्यांनी विंचूदंशावर वापरली आणि शेकडा तीसच्या आसपासचं मृत्यूचं प्रमाण अगदी थोड्या टक्क्यांवर आलं. ‘लॅन्सेट’मधल्या 1986च्या त्या टिपणावर डॉ. प्रमोदिनी बावस्करांचंही नाव आहे. हिंमतरावांच्या 2022च्या पद्मश्रीच्या कौतुकात ते फारसं कुणाला आठवलं नाही. 2011मध्ये याच दोघांनी ‘बीएमजे’त दाखवलं, की गोळीच्या जोडीला प्रतिविष दिलं तर रुग्ण आणखी लवकर सावरतो. विंचू उतरवणाऱ्याकडे वेळ घालवण्याआधी दवाखाना गाठला, तरच हे दोन्ही हाती लागतं.