धक्का कधी बसेल, हे विचारू नका

एक प्रश्न सारखा येतोय, "मार्केट पडणार का? आत्ताच पैसे काढून ठेवू का?" याचं खात्रीचं उत्तर कुणाकडेच नसतं. म्हणून आज आपण प्रश्नच बदलूया.

२०२० चंच बघा. जानेवारीत सेन्सेक्स ४२ हजारांच्या आसपास होता. २३ मार्चला तो एका दिवसात ३,९३५ अंकांनी, म्हणजे साधारण १३ टक्क्यांनी कोसळला आणि २६ हजारांच्या खाली बंद झाला. नोव्हेंबरात मात्र पुन्हा ४२ हजारांच्या वर!

आता समजा, दोघांचे दहा-दहा लाख बाजारात होते आणि ते सहा लाखांवर आले. पहिल्याचा पगार थांबला, ईएमआय चालूच, हातात रोकड नाही. त्याने मार्चमध्ये विकलं. दुसऱ्याकडे घरखर्चाचे पैसे बाजूला होते, तो थांबला. नुकसान कायमचं झालं ते पहिल्याचं. फरक हुशारीचा नव्हता, विकायची वेळ कुणावर आली याचा होता.

आणि दरवेळी आठ महिन्यांत सुटका होत नाही बरं का. जानेवारी २००८ ची पातळी परत दिसायला २०१० ची दिवाळी उजाडली.

"मग एफडीच बरी," असं म्हणाल. सप्टेंबर २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने पीएमसी बँकेवर निर्बंध घातले, तेव्हा खातेदारांना सुरुवातीला फक्त हजार रुपये काढता येत होते. सगळी पुंजी तिथेच असलेल्यांनी काय करायचं? फेब्रुवारी २०२० पासून ठेवींवरचा विमा एक लाखावरून पाच लाख झालाय. पण तो एका खातेदाराला एका बँकेमागे, तोही मुद्दल आणि व्याज मिळून. एकाच बँकेच्या तीन शाखांत एफडी केल्या तरी मर्यादा पाच लाखच.

म्हणून स्वतःला विचारा, उद्या बाजार निम्मा झाला आणि माझी एक बँक अडकली, तर मला काय विकावं लागेल?

उत्तर "काहीच नाही" असं यायला हवं. त्यासाठी किमान सहा महिन्यांचा खर्च दोन वेगळ्या बँकांत ठेवा. पाच वर्षांच्या आत लागणारे पैसे, म्हणजे मुलीची फी, घराचं डाऊन पेमेंट, शेअर्समध्ये घालू नका. आणि कर्ज काढून शेअर्स तर मुळीच नकोत, कारण कर्ज देणारा तुमच्यासाठी थांबत नाही.

धक्का ओळखता येत नाही, पण थांबायची सोय आधीच करून ठेवता येते. चला, पुढच्या भागात भेटू!