सूर्य मावळत नाही, मग इफ्तार कधी?

रमजानच्या दिवसांत सातवीच्या वर्गातल्या एका मुलाने विचारलं, “सर, जिथं सूर्य मावळतच नाही, तिथं रोजा कधी सोडायचा?” मी पृथ्वीगोल काढला आणि कॅनडाच्या वरच्या टोकाला इनुविक दाखवलं. जेमतेम तीन हजार वस्तीचं हे गाव आर्क्टिक वृत्ताच्याही उत्तरेला आहे. तिथे मुस्लिम कुटुंबं राहतात आणि मशीदही आहे.

त्या मशिदीची कहाणी तर ऐकण्यासारखी आहे. इनुविकमध्ये बांधकाम फार महाग पडतं, म्हणून २०१० मध्ये मशिदीची इमारत विनिपेग शहरात बांधली. मग ती ट्रकवर लादून हे रिव्हरपर्यंत आणि तिथून तराफ्यासारख्या बार्जवर मॅकेन्झी नदीतून इनुविकला नेली. एकूण चार हजार किलोमीटरच्या वर! मिनार मात्र गावातच उभारला.

इनुविकहून प्रांताची राजधानी यलोनाइफला जायचं, तर विमानाचं सरळ अंतर सुमारे १,०९० किलोमीटर. थेट उड्डाण असेल तर दोनेक तास लागतात. वाटेत नॉर्मन वेल्सला थांबलं तर जास्त. रस्त्याने हेच अंतर जवळजवळ तिप्पट होतं. शिवाय वाटेतल्या दोन मोठ्या नद्यांवर पूल नाहीत. उन्हाळ्यात फेरीबोट आणि हिवाळ्यात गोठलेली नदी हाच रस्ता. बर्फ धरताना आणि वितळताना काही आठवडे तोही बंद.

आता मुलांचा पुढचा प्रश्न ठरलेला: “दोन तासांत पोहोचणारा माणूस मुसाफिर कसा?” हनफी उलमांनी तीन दिवसांच्या पायी प्रवासाचं माप धरलं आणि आपल्याकडे ते ४८ मैल, म्हणजे साधारण ७७ किलोमीटर ठरलं. कोकणातल्या शाफई घरांतही आकडा फार दूरचा नाही. प्रवास आरामाचा आहे की कष्टाचा, हे पाहिलं जात नाही. अंतर पाहिलं जातं. म्हणून या विमानातला प्रवासी जोहर, असर आणि इशाचे फर्ज चारऐवजी दोन रकात पढतो, आणि रोजा पुढे कजा करण्याची सवलतही त्याला आहे.

पण अंतराचा हिशेब सोपा, वेळेचा अवघड. २०१६ चा रमजान जूनमध्ये आला आणि इनुविकला महिनाभर सूर्य मावळलाच नाही. सहीह मुस्लिममधल्या हदीसमध्ये दज्जालच्या काळातल्या वर्षाएवढ्या लांब दिवसाचा उल्लेख येतो. त्या दिवशी एकाच दिवसाची नमाज पुरेल का, असं सहाबांनी विचारलं. पैगंबरांनी (स.) नाही म्हटलं आणि वेळेचा अंदाज बांधायला सांगितलं. याच आधारावर उलमांनी वाट काढली: जवळच्या ज्या शहरात दिवस-रात्र वेगळे कळतात त्याच्या वेळा पाळाव्यात, किंवा मक्केच्या. मला पहिला मार्ग जास्त सोयीचा वाटतो. पण गावातल्या सगळ्यांनी मिळून एकच धरावा, नाहीतर एकाच मशिदीत दोन इफ्तार!

यलोनाइफला मात्र सूर्य मावळतो. दोन्ही गावांचं घड्याळ एकच, तरी इनुविकहून आलेल्या पाहुण्याला तिथे जूनमध्ये मगरिबसाठी रात्री साडेअकराच्याही पुढे थांबावं लागतं. आणि चार-पाच तासांत पुन्हा सूर्य वर.

“मग सहरी कधी करायची, सर?” मागच्या बाकावरून आवाज आला.