विश्लेषण : नाव उच्चारलं तरी मृत्युदंड! मॅकग्रेगर आडनावावर बंदी का आली आणि ते जगभर कसं पोहोचलं?

हॉलिवूडचा इवन मॅकग्रेगर, एमएमएचा कॉनर मॅकग्रेगर, पीटर नावाच्या सशाच्या मागे दाताळं घेऊन धावणारे म्हातारे मिस्टर मॅकग्रेगर. हे आडनाव आपल्या मोबाइलच्या स्क्रीनवर अधूनमधून येतच असतं. पण स्कॉटलंडमध्ये एक काळ असा होता, की हे आडनाव लावणं हाच गुन्हा होता आणि शिक्षा होती मृत्युदंड. ही बंदी पहिल्यांदा आली १६०३ मध्ये आणि कायमची उठली १७७४ मध्ये. मधली ३२ वर्षांची सवलत वजा केली, तरी १३९ वर्षं या घराण्यातली माणसं दुसऱ्याच कुणाच्या तरी आडनावानं जन्मली, लग्नं केली आणि मेली.

आडनावाचा अर्थ काय?

गेलिक भाषेत ‘मॅक’ म्हणजे मुलगा. मॅकग्रेगर म्हणजे ग्रेगरचा मुलगा. ग्रेगर हे ग्रेगरी या नावाचं स्कॉटिश रूप, आणि त्याचं मूळ ग्रीक : जागा असलेला, सावध. ‘मॅक’ लिहिलं तर स्कॉटिश आणि ‘एमसी’ लिहिलं तर आयरिश असं एक ज्ञान व्हॉट्सअॅपवर फिरतं, त्यात तथ्य नाही. दुसरं हे पहिल्याचंच लघुरूप, लिहिणाऱ्या कारकुनाच्या सोयीचं.

घराण्याचा दावा मोठा आहे. आमची वंशवेल थेट राजा केनेथ मॅकआल्पिनपर्यंत जाते, असं ते सांगतात. इतिहासकार हा दावा फारसा मनावर घेत नाहीत. पश्चिम डोंगराळ भागातल्या ग्लेनऑर्की, ग्लेनस्ट्रे, ग्लेनलायन या दऱ्यांमध्ये हे लोक पिढ्यान्‌पिढ्या राहत होते, एवढं मात्र पक्कं.

मग भांडण कशावरून?

जमिनीवरून. आपल्या भाषेत सांगायचं तर कसणारे मॅकग्रेगर आणि सातबारा कॅम्पबेलांच्या नावावर! रॉबर्ट द ब्रूसच्या काळापासून कॅम्पबेल घराण्याला राजाकडून जमिनीच्या सनदा मिळत गेल्या. मॅकग्रेगरांकडे वहिवाट होती, तलवार होती, कागद नव्हता. हळूहळू ते स्वतःच्याच दऱ्यांमध्ये कुळं झाले आणि पुढे तिथूनही निघाले. डोंगरात लपून राहणारी, गुरं पळवणारी टोळी ही त्यांची ओळख त्यानंतरची. ‘धुक्याची लेकरं’ हे त्यांचं टोपणनाव ऐकायला छान वाटतं, पण त्याचा साधा अर्थ बेघर असाच आहे.

या वैरातली एक गोष्ट सांगायलाच हवी. ग्लेनस्ट्रेचा तरुण प्रमुख ग्रेगर रॉय याचं लग्न मॅरियन कॅम्पबेल हिच्याशी झालं होतं. १५७० मध्ये तिच्याच नात्यातल्या ग्लेनऑर्कीच्या कॅम्पबेल प्रमुखानं ग्रेगरचा शिरच्छेद करवला. तिनं नवऱ्यासाठी रचलेलं म्हणून ओळखलं जाणारं गेलिक शोकगीत आजही गायलं जातं आणि त्याची चाल अंगाईची आहे. तिच्या दोन मुलांपैकी अलास्टर हा पुढे घराण्याचा प्रमुख झाला. तो पुन्हा येईलच.

१६०३ मध्ये नेमकं काय झालं?

७ फेब्रुवारी १६०३ रोजी ग्लेन फ्रुइन या दरीत अलास्टरच्या माणसांनी कहून घराण्याच्या मोठ्या जमावाचा धुव्वा उडवला. (या आडनावाचं स्पेलिंग पाहिलं तर कुणीही ‘कोल्कहून’ वाचेल.) कहूनांची शंभराहून जास्त माणसं पडली. मॅकग्रेगरांची हानी किरकोळ होती, पण मेलेल्यांत अलास्टरचा भाऊ होता. याआधीच्या एका छाप्यानंतर कहूनांच्या बायका रक्तानं माखलेले सदरे भाल्यांवर टांगून राजापुढे गेल्या होत्या, असंही सांगतात.

मॅकग्रेगरांचं दुर्दैव म्हणजे वेळ. २४ मार्चला राणी एलिझाबेथ वारली आणि स्कॉटलंडचा राजा सहावा जेम्स इंग्लंडचाही राजा झाला. ५ एप्रिलला तो एडिंबरा सोडून लंडनकडे निघाला. त्याच्या दोनच दिवस आधी, ३ एप्रिलला, प्रिव्ही कौन्सिलनं मॅकग्रेगर हे नाव रद्द केलं. नव्या गादीवर बसायला जाताना जुन्या घरातली कटकट मिटवून जावी, तसा हा निर्णय दिसतो.

नियम साधा होता. नाव सोडा, दुसरं घ्या, नाहीतर मरा. पुढच्या काळात जाच वाढतच गेला. पूर्वी मॅकग्रेगर असलेल्या चारपेक्षा जास्त माणसांनी एकत्र जमायचं नाही. जेवताना मांस कापायला सुरी ठेवायची, पण तिला टोक नसावं. त्यांना आसरा देणाऱ्यांना दंड.

अलास्टर काही महिने निसटत राहिला. शेवटी अर्गाईलच्या अर्लनं, म्हणजे पुन्हा एका कॅम्पबेलनंच, त्याला शब्द दिला की तुला सुखरूप स्कॉटलंडबाहेर पोहोचवतो. शब्द पाळलाही. त्याला सरहद्दीपार इंग्लंडच्या हद्दीत नेलं आणि तिथूनच परत फिरवून एडिंबऱ्यात आणलं. २० जानेवारी १६०४ रोजी त्याला साथीदारांसह फाशी झाली. तो प्रमुख, म्हणून त्याचा फास इतरांपेक्षा उंचावर बांधला होता.

इतकी माणसं गेली कुठे?

बरीचशी कुठेच गेली नाहीत. तिथेच राहिली, फक्त नाव बदललं. कुणी ड्रमंड झालं, कुणी मरे, ग्रँट, स्ट्युअर्ट, ग्रॅहम. आणि काही जण चक्क कॅम्पबेल झाले! ज्या जमीनदाराच्या छायेत राहायचं त्याचं आडनाव घेणं, हा त्यातल्या त्यात सुरक्षित मार्ग होता.

दुसऱ्या चार्ल्सनं १६६१ मध्ये बंदी उठवली. त्या मोकळ्या काळात, १६७१ मध्ये, या घराण्यातला सगळ्यात प्रसिद्ध माणूस जन्मला : रॉब रॉय मॅकग्रेगर. १६९३ मध्ये बंदी परत आली आणि ऐन बाविशीत त्याचं आडनाव पुन्हा बेकायदा झालं. मग तो आईच्या माहेरचं आडनाव लावून ‘रॉबर्ट कॅम्पबेल’ अशी सही करू लागला. आज वॉल्टर स्कॉटच्या कादंबरीमुळे आणि लियाम नीसनच्या १९९५ च्या सिनेमामुळे त्याला सगळे ओळखतात ते मात्र त्याला लावता न येणाऱ्या नावानं.

इथे एक कबुली. इंजिनीअरिंगच्या गणितात ‘ग्रेगरी-न्यूटन’ सूत्र शिकताना मला बरेच दिवस वाटायचं, की ग्रेगरी हे न्यूटनचंच पहिलं नाव असावं. तो जेम्स ग्रेगरी, जन्म १६३८, अॅबर्डीनशायरचा. परावर्ती दुर्बिणीची एक रचना त्याच्या नावानं ओळखली जाते, आणि संगमग्रामच्या माधवानं आधीच शोधलेली अनंत श्रेणीही त्यानं स्वतंत्रपणे मांडली. या ग्रेगरी कुटुंबाची परंपरा सांगते, की आम्ही मुळात मॅकग्रेगर. स्कॉटनं तर रॉब रॉय अॅबर्डीनच्या एका प्राध्यापक ग्रेगरीला ‘नातेवाईक’ म्हणून भेटायला गेल्याचा किस्सा नोंदवला आहे. एकाच मुळाच्या दोन फांद्या : एकीकडे गुरं पळवणारा, दुसरीकडे कॅल्क्युलस करणारा.

देशाबाहेर हे नाव कसं गेलं?

ग्रेगरचं आणखी एक छोटं रूप म्हणजे ग्रेग. टोनी ग्रेग आठवतो? १९९८ च्या शारजात सचिनच्या वादळावर ओरडून ओरडून कॉमेंट्री करणारा, आणि त्याच्याही आधी, १९७३ च्या ब्रेबॉर्न कसोटीत गुंडाप्पा विश्वनाथचं शतक झाल्यावर त्याला लहान मुलासारखं हातांवर घेऊन झुलवणारा उंचापुरा इंग्लिश खेळाडू. जन्म दक्षिण आफ्रिकेतला, वडील स्कॉटिश, आणि वडिलांच्या जोरावरच तो इंग्लंडकडून खेळू शकला. नॉर्वेचा संगीतकार एडवर्ड ग्रीग याचे पणजोबाही अॅबर्डीनशायरहून बर्गनला गेलेले. तिथल्या लोकांना उच्चार जमावा म्हणून कुटुंबानं स्पेलिंगमधली दोन अक्षरं उलटसुलट केली. रशियाच्या नौदलात अॅडमिरल झालेला सॅम्युअल ग्रेग हाही स्कॉटलंडचाच. पण लगेच सावध करायला हवं : प्रत्येक ग्रेग किंवा ग्रेगरी मॅकग्रेगर असतोच असं नाही. ग्रेगरी हे नाव चर्चमुळे युरोपभर होतं. बंदीमुळे अडचण हीच झाली, की कोण खरा आणि कोण योगायोगानं, हे कागदावरून कळायची सोय उरली नाही.

कॅनडाचं उदाहरण जास्त स्पष्ट आहे. जेम्स ड्रमंड मॅकग्रेगर हा पाद्री १७५९ मध्ये पर्थशायरमध्ये जन्मला, म्हणजे बंदी असतानाच. त्याच्या नावातला ‘ड्रमंड’ त्याच काळाची खूण. १७८६ मध्ये तो नोव्हा स्कोशियातल्या पिक्टूला पोहोचला आणि तिथल्या गेलिकभाषक वस्तीत आयुष्यभर राहिला. गुलाम बाळगणाऱ्या दुसऱ्या एका पाद्र्याविरुद्ध त्यानं जाहीर पत्र छापलं, आणि स्वतःच्या तुटपुंज्या मिळकतीतून पैसे मोजून गुलामांना सोडवलं.

आणि दुसरं टोक म्हणजे ग्रेगर मॅकग्रेगर. त्याचे आजोबा सैन्यात ड्रमंड या नावानं होते. नातू मात्र खरं नाव मिरवत व्हेनेझुएलाच्या स्वातंत्र्ययुद्धात लढला आणि मग लंडनला येऊन त्यानं सांगितलं, की मध्य अमेरिकेतल्या ‘पोयेस’ देशाचा मी राजा आहे. देश अस्तित्वातच नव्हता. तरी त्याच्या नावानं दोन लाख पौंडांचं कर्ज उभं राहिलं, नोटा छापल्या गेल्या, माहितीपुस्तक निघालं. १८२२-२३ मध्ये दोन जहाजांतून सुमारे २५० माणसं निघाली, त्यांत बरेच स्कॉटिश होते. त्यांना मिळाला दलदलीचा, ओसाड किनारा. निम्म्याहून जास्त माणसं मेली. साहेब मात्र १८४५ मध्ये काराकासमध्ये पेन्शन खात वारले आणि लष्करी इतमामात पुरले गेले. बेघर केलेल्या घराण्याच्या वारसानं लोकांना नसलेली घरं विकावीत, याला काय म्हणायचं ते वाचकांनीच ठरवावं.

महाराष्ट्राशी काही संबंध?

आहे, आणि तो धुळे जिल्ह्यातला. १७७४ मध्ये बंदी उठल्यावर प्रश्न आला, की घराण्याचा प्रमुख कोण? ८२६ जणांनी सह्या करून जॉन मरे यांना निवडलं. हे गृहस्थ बंगालमध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत होते. त्यांचा मुलगा इवान मॅकग्रेगर मरे लष्करात.

२७ फेब्रुवारी १८१८ रोजी सर थॉमस हिस्लॉपची फौज तापीकाठच्या थाळनेर किल्ल्यापुढे आली. महिदपूरच्या पराभवानंतर होळकरांनी तहात खानदेश सोडला होता, पण थाळनेरचा किल्लेदार तुळशीराम यानं आणि त्याच्या अरब शिबंदीनं किल्ला दिला नाही. शरणागतीची बोलणी चालू असतानाच आतल्या दरवाजात चकमक उडाली. तिथे कॅप्टन मॅकग्रेगर हा अधिकारी मेजर गॉर्डनसह ठार झाला आणि लेफ्टनंट कर्नल मॅकग्रेगर मरे खंजिरांच्या वारांनी जबर जखमी झाला. त्यानंतर इंग्रजांनी शिबंदीची सरसकट कत्तल केली आणि किल्लेदाराला फाशी दिली. यावरून हिस्लॉपवर ब्रिटिश संसदेतही टीका झाली. ज्यांच्या पूर्वजांना सरकारनं ‘बंडखोर’ म्हणून लटकवलं, तेच आता सरकारच्या बाजूनं दुसऱ्यांच्या किल्ल्यात शिरत होते.

जखमी मरे वाचला. १८२२ मध्ये वडिलांनंतर तो प्रमुख झाला, राजाच्या परवानगीनं त्यानं घराण्याचं मूळ आडनाव पुन्हा लावलं. त्याच वर्षी राजा चौथा जॉर्ज एडिंबऱ्याला आला, तेव्हा मिरवणुकीत स्कॉटलंडच्या राजमुकुटाच्या रक्षणाचा मान मॅकग्रेगरांना मिळाला. पुढे इवान कॅरिबियन बेटांवर गव्हर्नर झाला आणि १८४१ मध्ये बार्बाडोसला वारला.

आज खरा मॅकग्रेगर कसा ओळखतात?

डीएनएवरून. वाय गुणसूत्र बापाकडून मुलाकडे जवळपास जसंच्या तसं जातं, म्हणजे आडनावासारखंच. फरक एवढाच, की त्यावर सरकारला बंदी घालता येत नाही. १८२२ मध्ये स्थापन झालेल्या क्लॅन ग्रेगर सोसायटीच्या सभासदांनी असा प्रकल्प चालवला आहे. मरे, ड्रमंड, स्टर्लिंग अशी आडनावं लावणारे पुरुष गालाच्या आतून घेतलेला नमुना पाठवतात आणि त्यांच्यातल्या काहींची खूण प्रमुखांच्या वंशाशी जुळते. उलटही होतं. पिढ्यान्‌पिढ्या मॅकग्रेगर असलेल्यांची खूण जुळत नाही, कारण डोंगराळ भागात कुळं, आश्रित, दत्तक असे सगळेच प्रमुखाचं नाव लावत.

चाचणीची मर्यादा तीच, जी आडनावाची. तिला फक्त बापाची रेघ दिसते. एडिंबऱ्यात सगळ्यांपेक्षा उंच लटकवलेल्या अलास्टरची वाय चाचणी आज करता आली असती, तर निकालात फक्त ग्रेगर दिसला असता. त्याची आई मॅरियन कॅम्पबेल त्यात कुठेच आली नसती.